प्रोस्टेटची बायोप्सी: आयएचसी, डिजिटल स्लाइड की जीन चाचणी?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘संशयास्पद ग्रंथी, पुढील तपासणी हवी’ असं लिहून आलं, की लगेच पुढची टेस्ट शोधायला लोक धावतात. आधी पॅथॉलॉजिस्टना विचारा, शंका नेमकी कशाची आहे? निवड त्यावरच ठरते.

कर्करोग आहे की नाही, इथेच घोडं अडलं असेल तर आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, करा. निरोगी ग्रंथीभोवती बेसल पेशींचा थर असतो, कर्करोगाच्या ग्रंथीला तो नसतो. पी६३सारखे मार्कर (खुणेची प्रथिनं) हा थर तपकिरी रंगवतात. जोडीला एएमएसीआर हा दुसरा मार्कर वापरला, तर कर्करोगाच्या पेशी बहुधा लाल दिसतात. एकाच स्लाइडवर तपकिरी कडं असलेली ग्रंथी आणि तिला खेटून कडं नसलेली लालसर ग्रंथी दिसली, की बराचसा उलगडा होतो. पण नुसत्या लाल रंगावर निदान होत नाही; कर्करोगपूर्व बदलांतही तो येतो, आणि काही निरुपद्रवी ग्रंथींचा बेसल थरही तुटक असतो. शिवाय संशयाची जागा इवलीशी असली, तर त्याच तुकड्यातून आयएचसीसाठी घेतलेल्या नव्या कापात ती सापडेलच असं नाही.

डिजिटल पॅथॉलॉजीत ऊतक (बायोप्सीत काढलेला तुकडा) खर्च होत नाही, तीच स्लाइड स्कॅन होते. दूरच्या तज्ज्ञाचं मत त्यामुळे लवकर मिळतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये पेज प्रोस्टेट या एआय सॉफ्टवेअरला परवानगी दिली, तीसुद्धा संशयाची जागा दाखवण्यापुरती. निदान पॅथॉलॉजिस्टनेच करायचं. अशा मदतीची खरी गरज भासते ती ग्लीसन (कर्करोग किती आक्रमक आहे ते सांगणारा गुण) ३+३ की ३+४ यावर. इथे दोन तज्ज्ञांचंही एकमत होतंच असं नाही, आणि उपचार मात्र त्यावर बदलू शकतात. तरी प्रोस्टेटच्या स्लाइड रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या मतासाठी मिळत असेल, तर सॉफ्टवेअरसाठी मी अडून बसणार नाही. स्कॅन धूसर असेल किंवा स्लाइडचा रंग वेगळा चढला असेल, तर तेही चकतं.

जीन चाचणीची वेळ निदान पक्कं झाल्यावर येते. डेसिफर ही चाचणी कर्करोगाच्या ऊतकातली २२ जनुकं बघते, ऑन्कोटाइप डीएक्स (आता जीनोमिक प्रोस्टेट स्कोअर या नावाने) १७. नुसतं लक्ष ठेवायचं की उपचार सुरू करायचे, अशा द्विधेत त्यांचा उपयोग. रोग पसरला असेल तर बीआरसीए२ सारख्या जनुकांतल्या बदलांची तपासणी लागते. ती वेगळी, औषध निवडण्यासाठी.

ब्लॉकमध्ये (ऊतक जपून ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात) ऊतक किती उरलंय, हे लॅबला आधीच विचारून ठेवा. आयएचसी आणि जीन चाचणी, दोन्हींचे काप त्यातूनच जातात.