वेस्टमिन्स्टर ॲबे की सँ-दनी?

लंडन-पॅरिसची सहल आखताय आणि राजघराण्यांची थडगी बघायला अर्धाच दिवस काढता येतोय? मग या दोन गॉथिक चर्चांपैकी एक निवडावं लागेल.

वेस्टमिन्स्टर भरगच्च आहे. आजची इमारत तिसऱ्या हेन्रीने १२४५ मध्ये बांधायला घेतली. राज्याभिषेक मात्र १०६६ पासून इथेच. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सचाही झाला. पहिली एलिझाबेथ आणि तिला टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत डांबणारी सावत्र बहीण मेरी एकाच थडग्यात आहेत. न्यूटन आणि डार्विनच्या कबरीही इथेच. मराठी माणसाने दोन ठिकाणी थांबावं. एक, दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणाऱ्या जॉन माल्कमचा पुतळा. दुसरं, आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनची कबर. त्याचा देह आफ्रिकेतून आणणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला होता, आणि १८७४ मध्ये इथे शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता.

खटकतं ते तिकीट आणि गर्दी. रविवारी तर पर्यटकांना प्रवेशच नाही.

सँ-दनी पॅरिसच्या उत्तरेच्या उपनगरात, मेट्रोच्या १३ नंबरच्या लाइनवर. मठाधिपती सुजेरने ११४४ मध्ये पूर्ण केलेल्या पूर्वेकडच्या भागापासून गॉथिक शैलीची सुरुवात मानतात: टोकदार कमानी, बारीक खांब, आणि जाड भिंतींऐवजी रंगीत काचा. खरा ऐवज म्हणजे थडग्यांवरची सत्तरहून जास्त शिल्पं. बाराव्या लुईच्या थडग्यावर राजा-राणी गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. खाली त्यांचीच उघडी प्रेतं, देह टिकवण्यासाठी पोट चिरून घातलेल्या टाक्यांसकट. राजाला इतकं निर्दयपणे माणूस केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मात्र त्या शिल्पांखाली आता कुणी नाही. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी कबरी खणून अवशेष खड्ड्यांत फेकले. पुढे राजेशाही परतल्यावर ते तळघरात एकत्र ठेवले. कोणतं हाड कुणाचं, हे तेव्हाच सांगता येत नव्हतं. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांना १८१५ मध्ये दुसऱ्या दफनभूमीतून इथे आणलं.

मुलं सोबत असतील, किंवा इंग्लंडचा इतिहास शाळेपासून ओळखीचा असेल, तर वेस्टमिन्स्टर. शिल्प आणि वास्तुकला यांसाठी जाणार असाल तर बेधडक सँ-दनी; माझं मत तिकडेच. पॅरिसला पहिल्यांदाच आणि दोनच दिवस असाल, तर मात्र उपनगरापर्यंतचा हेलपाटा पुढच्या खेपेला ठेवा. गेलातच, तर तिकीट जरूर काढा: मुख्य सभागृह फुकट आहे, पण थडगी तिकिटापलीकडे आहेत.