छतावरचा बर्फ काढून देतो म्हणणाऱ्यांना दार उघडण्याआधी

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी-वेस्टबरो भागात नव्याने घर घेतलेली बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी 2015 च्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीत जे घडलं ते लिहिते आहे.

त्या वर्षी 26-27 जानेवारीच्या वादळात शेजारच्या वूस्टरमध्ये 34.5 इंच बर्फ पडला. त्यानंतर आठवड्या-आठवड्याला नवं वादळ, आणि मधल्या दिवसांत थंडी अशी की आधीचा बर्फ वितळेचना. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंचे ढीग माझ्या डोक्यावर गेले. फावडंभर बर्फ उचलला तरी टाकायचा कुठे, हा प्रश्न. बातम्यांत रोज कुठलं ना कुठलं छत कोसळल्याचं यायचं.

10 तारखेला सकाळी जेवणघराच्या खिडकीच्या वरच्या चौकटीतून पाणी ठिबकायला लागलं. याचं कारण छतावरचा बर्फाचा बांध, इथे त्याला आईस डॅम म्हणतात. घरातली ऊब माळ्यातून छताला लागते, बर्फाचा तळचा थर वितळतो आणि पाणी वळचणीपर्यंत उतरतं. तिथे खाली ऊब नसल्यामुळे ते पुन्हा गोठतं. असा बांध तयार झाला की मागे पाणी तुंबतं आणि शिंगल्सच्या, म्हणजे छतावर एकावर एक बसवलेल्या पट्ट्यांच्या, खालून वर चढून घरात शिरतं. वळचणीचं पाणी आढ्याला जाणं आपण अशक्य मानतो. इथे ते थोडं तरी वर चढतं. वळचणीला लोंबणारे बर्फाचे जाड सुळे ही त्याची खूण, आणि ती रस्त्यावरून सहज दिसते. अशीच घरं हेरत दोन माणसं पिकअप घेऊन फिरत होती.

दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. ट्रकवर शिडी होती, अंगावर चमकणारी जाकिटं. मोठा माणूस म्हणाला, "तुमचं छत आज रात्र काढणार नाही. मागच्या रस्त्यावरचं एक आत्ताच बसलं." घरात सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. नवरा कामानिमित्त टेक्सासमध्ये अडकलेला, बोस्टनची विमानं रद्द. मी तीन ठिकाणी फोन केले होते, सगळीकडे आठवड्याभराने येतो म्हणत होते. बर्फ आणि फुटलेल्या शिंगल्सची दुरुस्ती मिळून 1,800 डॉलर ठरले, 900 आधी, रोख. कागद मागितला तर म्हणाला, "संध्याकाळी ईमेल करतो."

त्यांनी कुऱ्हाडीने बर्फ फोडायला सुरुवात केली. धाडधाड आवाज येत होते, आणि काम जोरात चाललंय असं मला वाटलं. शेजारच्या आजी खिडकीतून बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहायच्या. त्यांनी फोन करून विचारलं, "माणसं बरी आहेत का?" मी हो म्हटलं. मग आजींनीही आपल्या छतासाठी त्याच माणसांना 1,500 डॉलरचा चेक पूर्ण आगाऊ दिला.

पाऊण तासाने ते दोघं वाफेचं यंत्र आणतो म्हणून गेले ते गेलेच. फोन बंद. नंबर प्लेट बर्फाने झाकलेली होती, आणि ती पुसून बघावी असं मला सुचलं नाही. आजींचा चेक त्याच दुपारी वटला होता. पोलिसांत दोघींनी तक्रार दिली, पैसे मिळाले नाहीत. विम्याने पाण्याचं नुकसान भरून दिलं, कुऱ्हाडीने फुटलेल्या शिंगल्स आणि तुटलेली पन्हळ मात्र नाही.

नंतर आलेल्या खऱ्या कंत्राटदाराने वाफेने बर्फ कापला. त्यात कुऱ्हाड लागतच नाही. कुऱ्हाड किंवा हातोडा घेऊन कुणी छतावर चढू लागला तर तिथेच थांबवा. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत्या घराच्या छताची दुरुस्ती करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी असावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक दारात उभ्या उभ्या फोनवर तपासता येतो. 1,000 डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो. खास मागवायचं सामान नसेल तर आगाऊ रक्कम एक-तृतीयांशाहून जास्त घेता येत नाही. माझ्याकडून निम्मी घेतली, आजींकडून सगळी. हा नियम ठाऊक असता तर तिथेच संशय आला असता. कामगारांच्या विम्याचा कागदही मागा, कारण तुमच्या छतावरून कुणी पडला तर प्रकरण तुमच्यावर येऊ शकतं. आणि लांब दांड्याचा रूफ रेक नोव्हेंबरातच घेऊन ठेवा. जमिनीवर उभं राहून वळचणीजवळचा तीन-चार फूट बर्फ ओढला तरी बांध सहसा होत नाही. त्या फेब्रुवारीत आसपासच्या एकाही दुकानात तो शिल्लक नव्हता.

आजींना निम्मे पैसे द्यायला मी गेले होते. त्यांनी घेतले नाहीत. "तू मुद्दाम केलं नाहीस," एवढंच म्हणाल्या, पण त्यानंतर कुठलंही काम करून घेताना त्यांनी मला विचारलं नाही. एप्रिलमध्ये बर्फ उतरला तेव्हा त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यात त्यांच्या छताचे तुकडे सापडले. आम्ही दोघींनी ते वेचले, दोन पिशव्या भरल्या.