दहा मीटरसाठी छर्रे निवडताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

दहा मीटरवरच्या टार्गेटवर नेम मारायला एअर रायफल घेतली की नातेवाईक आधी शिकारीचं विचारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपवलाय, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे तिथे तर तो काढूच नये. शिवाय मोठ्या जनावराची गोळी वेगळ्याच कामाची असते: आत शिरल्यावर फुलायचं आणि तरी खोलवर जायचं. आपल्या ४.५ मिमीच्या छऱ्याने सपाट तोंडाने कागदाला स्वच्छ गोल भोक पाडायचं आणि दर वेळी त्याच जागी पडायचं, बस्स.

हे ‘त्याच जागी’ प्रकरणच महागात जातं. मी तीन प्रकारचे छर्रे वापरले: सरावाचा स्वस्त डबा, एच अँड एन फिनाले मॅच आणि आरडब्ल्यूएस आर-१०. रायफल व्हाइसमध्ये आवळली, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मित्राच्या व्हर्निअरने ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, मोजले. माझ्या नळीला फिनाले मॅचच पटला, तोही ४.५० हेडचा, म्हणजे तोंडाकडचा व्यास ४.५० मिमी असलेला. त्याच कंपनीच्या ४.४९ ने ग्रुप चांगलाच पसरला. शेजारच्या लेनवरच्या पोराच्या रायफलला मात्र आर-१० लागतो. त्यामुळे ‘सगळ्यात भारी कुठला’ असं मला विचारू नका, नळीला विचारा. डब्यावर हेडचं माप आणि बॅच नंबर असतो. जमलेल्या बॅचचे परवडतील तेवढे डबे एकदम उचला.

आता पैशाचं. टार्गेटवर पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण जातो. साठ शॉटमध्ये दर वेळी तेवढंच गेलं तरी सहा गुण झाले, म्हणजे राज्य स्पर्धेत कितीतरी नंबर खाली. पण हे ज्याचा हात स्थिर आहे त्याच्यासाठी. ज्याचे शॉट अजून आठ-नऊवर भटकतात, त्याने महागडा डबा फोडणं म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरला रेसिंगचे टायर. त्याने स्वस्तातले मारावेत आणि उरलेले पैसे नेमबाजीच्या जॅकेटला लावावेत. आमच्याकडे पालक नेमकं उलटं करतात.

स्वस्त डब्यात दर वेळी काही छरे स्कर्ट (मागची पातळ कड) दबलेले निघाले. ते वेगळे काढून सरावाच्या सुरुवातीला मारतो. चांगल्या छऱ्यांचा स्कर्टही मुठीत ओतून घेतले की दबतो. डब्यातून एकेक उचलावा. खाली पडलेला छर्रा पुन्हा भरू नये.

आणि हे शिसं आहे. लहान मुलं छरे हाताळून तसाच वडापाव खातात, ते थांबवा. साबणाने हात धुवायला लावा.

सोलापुरात हव्या त्या मापाचा डबा लगेच हाती लागेल असं नाही. माझा दुकानदार पुण्याहून मागवतो आणि कधी ‘सेमच आहे’ म्हणत दुसरं हेड पुढे करतो. लेबल वाचल्याशिवाय पैसे देत नाही. सध्याची बॅच संपत आली आहे. नवी आली की पुन्हा व्हाइस आणि व्हर्निअर.