१८९९चा किट आणि लॅमिंग्टन रोडवरची साडेतीनशेची पिशवी – दोन्हीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही, मी अकाउंट्सवाली. पोरगा ९ वर्षांचा, चौथीत, आणि गेल्या वर्षी गणपतीत मखराच्या माळेतला एक बल्ब त्याने उपटला आणि अख्खी माळ गेली तेव्हापासून "एक काढला तर सगळे का गेले" हे माझ्या डोक्याशी चालू होतं. सासऱ्यांनी (बेस्टमध्ये वायरमन होते, आता रिटायर) सांगितलं की माळ सिरीजमध्ये आहे, सगळ्यांचे हात एकमेकांत, एकाने सोडला की संपलं. पोराला ते पटलं पण करून बघायचं होतं, आणि घरातल्या २३० व्होल्टवर त्याला करू देणार कोण. म्हणून वाढदिवसाला ऑनलाइन तो इलेक्ट्रॉनिक्सचा किट मागवला, "१०१ प्रयोग, वय ८ प्लस" वाला. १८९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असे दहा-बारा किट दिसतात आणि फोटो बघता सगळे एकाच साच्यातले वाटतात.

तर किट. खोका मोठा, आत प्लास्टिकची जाळी आणि टिचबटणासारखे ठोकळे, टचकन दाबायचे की सर्किट तयार. पहिल्या दिवशी पोरगा प्रचंड खूश, पंखा उडवायचा प्रयोग केला आणि तो पंखा थेट कपाटाच्या वर जाऊन बसला, स्टूल लावून काढला. (तो पंखा तोंडासमोर धरून सोडू देऊ नका, डोळ्यांपाशी येतो. हे पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात लिहिलंय.) सेल आत नाहीत, पेन्सिल सेल आपले आपण आणायचे, सेलच्या खाचेतली स्प्रिंग इतकी ढिली की मी चॉकलेटची चांदी घडी करून कोंबली तेव्हा नीट चालायला लागलं. एक ठोकळा कमी निघाला, त्याबद्दल लिहिलं तर म्हणे खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. वाढदिवसाला खोका उघडताना पोराचा व्हिडिओ काढतात हो, ठोकळे मोजतानाचा नाही.

पण माझी खरी तक्रार ही नाहीच. १०१ प्रयोग म्हणजे मोजून तीसेक, बाकी बल्बच्या जागी भोंगा, भोंग्याच्या जागी पंखा. आणि महत्त्वाचं जे काही आहे ते ठोकळ्याच्या आत बंद. "म्युझिक" लिहिलेला ठोकळा लावला की गाणं वाजतं, का वाजतं ते कळायची सोय नाही. पोरगा चौथ्या दिवशी चित्र बघून ठोकळे लावायला सराईत झाला, मी विचारलं यातून करंट कुठून कुठे जातोय तर म्हणाला "चित्रात तसं दाखवलंय." किट आता नणंदेच्या ६ वर्षांच्या मुलीकडे आहे आणि ती मजेत खेळते, तिच्या वयाला चांगलाच आहे, उगाच नावं ठेवत नाही. खोक्यावर ८ प्लसच्या जागी ५ ते ७ लिहिलं असतं आणि किंमत निम्मी असती तर मीच चार स्टार दिले असते.

मग सासरे म्हणाले, चल रे तुला दुकानात नेतो. मीही गेले.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा रस्ता, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं सांगितलं तर टॅक्सीवालाही दोन मिनिटं विचार करतो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, तिथून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात, आम्ही आधी एकदा तसेच हात हलवत परत आलो. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बरं, नंतर कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या याद्या घेऊन येतात आणि काउंटरवर उभं राहायला जागा मिळत नाही.

आम्ही गेलो ते दुकान आत गल्लीत, आमच्या मोरीपेक्षा जरा मोठं, भिंतभर छोटे ड्रॉवर. नाव देत नाही, कारण मालकांना विचारलं नव्हतं. काकांनी पोराकडे बघून पहिलं विचारलं, "लाइटवर खेळणार का बॅटरीवर?" बॅटरी म्हटल्यावरच पुढे बोलले. मग त्यांनी स्वतःच काढून दिलं: ब्रेडबोर्ड (भोकांची पाटी, वायरी नुसत्या खुपसायच्या), ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी, लाल आणि पांढरे एलईडी, ४७० आणि २२० ओमचे रेझिस्टर (करंट अडवणारे, ओम हे अडथळ्याचं माप; हे सुटे मागितले तर काका हसले, शंभरची पट्टीच घ्या म्हणाले, आणि ती खरंच स्वस्त आहे), दोन एलडीआर (उजेड ओळखणारे), पाच बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (थोड्या करंटने जास्त करंट चालू-बंद करणारे), एक पुश बटण, जोडायच्या वायरी. सगळं मिळून साडेतीनशेच्या आत. मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) वेगळा, साधा, बीप देणारा, तो घ्याच, त्याबद्दल पुढे लिहिते. निघताना काकांनी बॅटरीच्या तोंडावर टेप लावून दिली, म्हणाले खिशात सुट्ट्या पैशांबरोबर टाकू नकोस, दोन टोकं जवळजवळ असतात, नाणं आडवं आलं की तापते. किटच्या अख्ख्या पुस्तिकेत बॅटरीबद्दल इतक्या कामाचं एक वाक्य नव्हतं.

घरी आल्यावर पहिलं काय केलं असेल? एलईडी थेट बॅटरीला लावला. झपकन उजेड आणि खेळ खलास. दोन रुपयांचा एलईडी गेला, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चातले ते दोन रुपये सगळ्यात वसूल. कारण आता रेझिस्टर का लावायचा हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. हिशोब सोपा आहे, चौथीच्या मुलाला भागाकार येतो: बॅटरी ९, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, उरले ७, भागिले ४७०, म्हणजे साधारण ०.०१५ अँपिअर, म्हणजेच १५ मिलिअँपिअर (मिलि म्हणजे हजारावा भाग), आणि एलईडीला २० पर्यंत चालतं. रेझिस्टरवरचे पट्टे वाचायला आजोबांनी शिकवलं, पिवळा ४, जांभळा ७, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य, झाले ४७०. आता घरात कुठलंही जुनं चार्जर फुटलं की हा पट्टे वाचत बसतो.

व्होल्ट आणि करंट यातला फरक मला स्वतःला धड सांगता येत नव्हता. सासऱ्यांनी गच्चीवरच्या टाकीवरून सांगितला. टाकी जितकी उंच तितका जोर, तो व्होल्टेज. नळातून येतं ते पाणी म्हणजे करंट. नळ अर्धा पिळला तर रेझिस्टर. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर धो-धो आणि आम्हाला वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार, त्यामुळे हे उदाहरण पोराला एका सेकंदात कळलं. मग त्याने विचारलं, पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर करंट खाली का सांडत नाही? आजोबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, कापलेल्या टोकाला हवेचं बूच लागतं, हवा करंटला सहज जाऊ देत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी विचारलं नव्हतं, असं जेवताना दोनदा म्हणाले.

दुसरा असाच प्रश्न टेस्टरवरून. टेस्टरचा दिवा पेटतो तेव्हा करंट आजोबांच्या अंगातून जातो का? जातो! पण टेस्टरच्या आत भलामोठा रेझिस्टर असतो म्हणून इतका थोडा जातो की कळतही नाही. हे सांगितल्यावर मी लगेच टेस्टर वरच्या कप्प्यात ठेवला. घरातलं सॉकेट, प्लग, चार्जर उघडणं सगळं बंद म्हणजे बंद, तिथे मी काही ऐकून घेत नाही.

दुकानातून परत येताना ट्रेनमध्ये वरची वायर बघून पोराने विचारलं ही पण ९ व्होल्टची का. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आता २५,००० व्होल्ट एसी. डीसी म्हणजे करंट एकाच दिशेने, तुझ्या बॅटरीसारखा, आणि एसी म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढेमागे. समोरच्या सीटवरचे काका पण ऐकत होते.

मल्टिमीटर का घ्या ते सांगायचं राहिलं. लिंबाची बॅटरी केली, एका लिंबात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार. एका लिंबाला मीटरवर ०.९ च्या आसपास, तीन लिंबं सिरीजमध्ये जोडली तर अडीचच्या वर. पोरगा म्हणाला लाल एलईडीला दोनच तर लागतात, आता लख्ख पेटणार. पेटला, पण खोलीतले दिवे घालवून, हाताचा आडोसा करून बघितला तेव्हा दिसला. व्होल्ट आहेत पण लिंबू करंट देताना हात आखडतं, आतच खूप अडथळा असतो. मीटर नसता तर आम्ही म्हटलं असतं प्रयोग फसला. आणि हो, त्या लिंबांचं सरबत करू नका, खिळ्याचं जस्त त्यात उतरतं. लिंबाचे भाव बघता जिवावर आलं होतं, पण फेकली.

दिवाळीला त्याने आकाशकंदील केला, अंधार पडला की आपोआप लागणारा, एलडीआर आणि एका ट्रान्झिस्टरवर. सर्किट काकांनी कागदावर काढून दिलं होतं, दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा, गर्दी नव्हती म्हणून. पांढरे तीन एलईडी सिरीजमध्ये लावले, पेटेनात, प्रत्येकी ३ म्हणजे ९ तिथेच संपले हे त्याचं त्यालाच कळलं, मग दोनच लावले. ब्रेडबोर्डवर मस्त चाललं आणि कंदिलात घातल्यावर धड पेटेना धड विझेना, नुसता मंद. आम्ही सगळं तपासलं, मीटर लावला, सगळं बरोबर. दोन तास गेले, मी तर सोड म्हणाले. शेवटी पोरानेच पकडलं, एलईडीचा उजेड एलडीआरवरच पडत होता, त्याला वाटत होतं दिवस आहे. काळ्या टेपची नळी करून एलडीआरला घातली, तोंड बाहेर काढलं, लख्ख लागला. बॅटरी मात्र तीन रात्रीत ढेपाळली.

दुकानाबद्दल तक्रारी पण आहेत. मला पक्कं बिल मिळालं नाही. काका एकदाच सांगतात, परत विचारलं की कपाळाला आठ्या. एक पुश बटण खराब निघालं, ते बदलून दिलं पण "तुम्हीच जास्त दाबलं असेल" ऐकून घ्यावं लागलं. पुस्तिका वगैरे काही नाही, घरात विचारायला कोणी नसेल तर पहिले दोन आठवडे जड जातील.

एलईडी दहा घेणार असाल तर पंचवीस घ्या. सोल्डरिंग मशीन मागितली होती, काका म्हणाले पाचवीत ये मग देतो.