रूट केलेल्या टीव्हीवर कोडी: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

आमचा टीव्ही रूट केलेला आहे, म्हणजे कंपनीचं कुलूप काढून त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतलेला, आणि त्यावर कोडी हे फुकटचं व्हिडिओ प्लेअर ॲप चालतं. परवा वळीव आला आणि आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत वीज गेली, आली, लगेच परत गेली. नंतर टीव्ही लावला तर स्क्रीनवर होमब्र्यू चॅनलची (रूट केलेल्या टीव्हीवर बाहेरची ॲप्स सांभाळणाऱ्या ॲपची) सूचना: फेलसेफ मोड. घरात सगळ्यांना वाटलं टीव्ही गेला. गेलेला नव्हता. टीव्ही चालू होताना होमब्र्यूची सुरुवातीची स्क्रिप्ट पूर्ण व्हायच्या आत वीज तुटली, की पुढच्या वेळी तो सावधपणे उठतो आणि आपण जोडलेल्या बाकीच्या सेवा सुरूच करत नाही. होमब्र्यू चॅनल उघडायचं, फेलसेफमधून बाहेर पडायचा पर्याय घ्यायचा, टीव्ही रीबूट होऊ द्यायचा, झालं. पण हे माहीत नसेल तर माणूस घाबरून मेकॅनिकला बोलावतो, तो आधी सॉफ्टवेअर अपडेट मारतो आणि रूट हातचं जातं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

टीव्ही वेबओएसवाला (ही एलजीची टीव्ही प्रणाली), वॉरंटी कधीच संपलेली. गेल्या वर्षी त्यावरचं एक ॲप बंद पडलं तेव्हा ज्याने त्याने एकच सल्ला दिला, ‘एक स्ट्रीमिंग स्टिक घेऊन टाका.’ पॅनेल ठणठणीत आहे, आवाज चांगला आहे, मग तीन-चार हजार कशाला घालायचे? देजाव्हल्न नावाचं रूट करायचं साधन पेन ड्राइव्हवर टाकून रूट केलं. त्याची पायरी-पायरी इथे देत नाही, ती माहिती सगळीकडे आहे. फक्त तुमच्या मॉडेलवर आणि फर्मवेअरवर (टीव्हीच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालतं का ते आधी तपासा, कारण ते सुरक्षेतल्या ज्या फटीतून शिरतं ती नव्या फर्मवेअरमध्ये बुजवलेली आहे. रूट झाल्याबरोबर होमब्र्यू चॅनलमधून सिस्टिम अपडेट अडवा आणि क्विक स्टार्ट प्लस (टीव्ही पूर्ण बंद न करता लवकर उठवायची सोय) बंद ठेवा.

सुरुवातीला माझं मत होतं की नुसत्या कोडीसाठी रूट लागत नाही, डेव्हलपर मोडवर (ॲप बनवणाऱ्यांसाठी कंपनीनेच दिलेल्या सोयीवर) भागेल. भागतंही, पण त्याची मुदत संपत असते. वेळेत वाढवली नाही तर टाकलेली ॲप्स निघून जातात. एकट्या माणसाला हे जमेल. घरात ऐंशीच्या घरातले वडील असतील आणि दुपारी टीव्ही तेच लावणार असतील, तर रूटच बरं.

कोडी मी ते एक्सबीएमसी होतं तेव्हापासून, म्हणजे २०१४ च्या आधीपासून, जुन्या पीसीवर वापरतोय. त्यामुळे पोस्टर, लायब्ररी, स्किन यांवर वेळ घालवत नाही. ते सगळं झकास आहे. मला बोलायचंय ते ऑडिओ ऑफसेटवर, म्हणजे चित्राच्या मानाने आवाज पुढेमागे सरकवण्यावर.

आमचे आप्पा तबलजी. भजनी मंडळं, नाट्यगीतांच्या मैफिली, मिरजेच्या उरुसातली साथ, अशा बऱ्याच व्हीएचएस कॅसेट घरात होत्या. २०१९ च्या पुरात गावभागातल्या जुन्या घरी पाणी शिरलं, त्यात काही गेल्या. ज्या वाचल्या त्या मी स्वस्तातल्या कॅप्चर कार्डावर उतरवून घेतल्या. चित्र बरं आलं, पण आवाज मागे राहिला. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरवर लावलं की आप्पा अस्वस्थ व्हायचे. ‘आरं, हात पडतोय आन् मग धा ऐकू येतोय. समेवर कोण असं वाजवंल?’ आम्हाला कुणाला ते जाणवतही नव्हतं. त्यांनी बोट दाखवून बायावरचा (डग्ग्यावरचा) हात बघायला लावला तेव्हा दिसलं.

आकड्यात सांगतो. एका कॅसेटला आवाज १७५ मिलिसेकंद मागे होता. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे जवळजवळ पाऊण मात्रेचा घोळ! तबलजीला तो सहन होणार कसा?

टीव्हीच्या मेनूतही एव्ही सिंक आहे, पण ते सगळ्यांना मिळून एकच. एका कॅसेटला जुळवलं की बातम्यांतला निवेदक बिघडतो. कोडीत ऑफसेट २५ मिलिसेकंदांच्या पायरीने मागेपुढे होतो आणि प्रत्येक फाइलचा वेगळा लक्षात राहतो. पाल (PAL, आपल्याकडच्या कॅसेटींच्या) पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कोडीची पायरी त्याहून बारीक आहे. कीमॅपमध्ये (कोणतं बटण काय करेल ते ठरवणाऱ्या फाइलीत) ऑफसेट वाढवणं-घटवणं रिमोटच्या लाल-हिरव्या बटणांना जोडून दिलं. आप्पा आता बायावर नजर ठेवून बटण दाबतात आणि ‘हां, बसला’ म्हणून थांबतात. माझ्या अंदाजापेक्षा त्यांचा आकडा दर वेळी नेमका निघतो. फुकटच्या सॉफ्टवेअरने यापुढे काहीच दिलं नसतं तरी मी समाधानी राहिलो असतो.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. हा ऑफसेट कोडी डेटाबेसमध्ये लिहितं ते प्लेबॅक थांबवल्यावर. मधेच वीज गेली तर तेवढ्या वेळात जुळवलेलं सगळं गेलं. कुठवर पाहिलं तेही गेलं. पावसाळ्यात सांगलीत हे काही नवलाचं नाही. आप्पांनी निगुतीने लावलेला आकडा असा पुसला जातो तेव्हा फार चीड येते. एवढीशी नोंद, बदलली त्या क्षणी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

दिवाळीत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ऑफसेट कोडीतच ठेवा. आता तसं म्हणत नाही. आता कोडीत फक्त आकडा शोधायचा आणि तो एमकेव्हीटूलनिक्स या पीसीवरच्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओ ट्रॅकच्या डिलेमध्ये टाकून नवी फाइल करायची. आवाज १७५ ने पुढे आणायचा तर उणे १७५. चित्र-आवाज पुन्हा एन्कोड होत नाहीत, दर्जा तसाच राहतो आणि काम थोडक्यात उरकतं. मग वीज जाऊ दे नाहीतर टीव्ही बदलू दे.

लांब कॅसेटींचं दुखणं वेगळं. तिथे सुरुवातीला फरक थोडा असतो आणि तासाभराने वाढलेला असतो, कारण कॅप्चर करताना चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्याच घड्याळावर चाललेला असतो. एकच ऑफसेट तिथे कामाचा नाही. एमकेव्हीटूलनिक्समध्ये त्यासाठी ताणण्याची सोय आहे, पण ती ऑडिओ ट्रॅकला वापरू नये असं त्यांच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलंय. व्हिडिओ ट्रॅकला लावायची. तासाला ३०० मिलिसेकंदांनी आवाज मागे पडत असेल तर व्हिडिओला ३६००३००/३६००००० द्यायचं. आप्पांनी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा काढून दिला की वजाबाकी माझी.

बाकीचं थोडक्यात. टीव्हीला रॅम बेताची, त्यामुळे होम दाबून दुसरं ॲप उघडलं की परत येईपर्यंत कोडी बंद झालेलं असतं. लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे. आमच्या कॅसेटींना ते भरपूर झालं, मोठ्या फोरके फाइलींना वाय-फाय बरं पडतं. यूएसबी हार्डडिस्क थेट टीव्हीला लावू नका, वीज गेली की भीती तिचीच जास्त. मी डिस्क पीसीला ठेवलीय आणि पीसी यूपीएसवर आहे. टीव्हीही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा, म्हणजे फेलसेफचीही कटकट कमी. वायरमन पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय.

चालू प्लेबॅकमध्येच ऑफसेट डेटाबेसमध्ये लिहून टाकणारं एखादं ॲड-ऑन कुणी वापरत असेल तर कृपया नाव सांगा. उरुसाच्या कॅसेटी अजून जुळवायच्या राहिल्यात आणि आप्पांना त्या पावसाळ्याआधी पुऱ्या करायच्या आहेत.