गोल्फ हँडिकॅपसाठी स्कोअर: प्रत्येक होलचा की फक्त एकूण?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत. त्यासाठी फेरीनंतर ॲपमध्ये फक्त एकूण आकडा टाकायला अर्धं मिनिट पुरतं. पण त्यात एखाद्या होलवर फार फटके गेले, तर ते मर्यादेपर्यंत कमी धरण्याचं, म्हणजे कपातीचं गणित तुमच्याकडे येतं आणि घोळ तिथेच होतो.

2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत एका होलचा कमाल स्कोअर म्हणजे पार (त्या होलसाठी अपेक्षित फटके) अधिक 2 अधिक त्या होलवर मिळणारे सवलतीचे स्ट्रोक. समजा कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर मिळणारे एकूण सवलतीचे स्ट्रोक) 16 आहे, म्हणजे स्ट्रोक इंडेक्स (होलचा अवघडपणाचा क्रम) 1 ते 16 च्या होलवर एकेक स्ट्रोक. स्ट्रोक इंडेक्स 5 च्या पार 4 होलवर 9 लागले, तर 7 धरायचे. स्ट्रोक इंडेक्स 17 च्या पार 3 वर 7 लागले, तर स्ट्रोक मिळत नसल्याने 5 च. म्हणजे एकूण 95 चे 91 झाले. कोर्स रेटिंग 71.2 आणि स्लोप 125 असेल (हे दोन्ही मैदानाच्या अवघडपणाचे आकडे), तर डिफरेन्शियल, म्हणजे त्या अवघडपणानुसार काढलेला फेरीचा आकडा, 21.5 ऐवजी 17.9 येतं. तुमचा हँडिकॅप इंडेक्स शेवटच्या 20 डिफरेन्शियलपैकी सर्वोत्तम 8 वर ठरतो. 17.9 त्यात बसू शकलं असतं, 21.5 बाहेर राहिलं, तर हा इंडेक्स फुगतो आणि पुढच्या सामन्यात फुकटचे स्ट्रोक मिळतात.

होलवार भरलं की ॲप ही कपात स्वतः करतं. स्पर्धेत 95 टक्के भत्ता असला, म्हणजे कोर्स हँडिकॅपचे 95 टक्केच स्ट्रोक मिळत असले, तरी कपात पूर्ण कोर्स हँडिकॅपवरच होते. हाताने करणारे नेमकं हेच विसरतात.

चेंडू उचलून घेतला, तर मात्र ॲपही हतबल. तिथे बहुधा किती लागले असते तो आकडा, कमाल मर्यादेत, तुम्हीच प्रामाणिकपणे द्यायचा.

कार्ड हाताशी असेल, तर होलवारच भरा.