डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पंप मी सातव्या महिन्यातच घेऊन ठेवला होता. दुपटी धुऊन झाली, हॉस्पिटलची बॅग भरून झाली, यादीत एवढाच राहिला होता. मोटर, दोन नळ्या, दोन बाटल्या, दोन फ्लँज (छातीला लावायचे ते फनेलसारखे भाग). सगळं उकळून, जोडून बघितलं आणि परत खोक्यात ठेवलं. बाळंतपणाच्या सगळ्या तयारीत हीच एक गोष्ट माझ्या हातातली वाटली होती, बटण दाबलं की चालणारी. आता बाळ नऊ महिन्यांचं झालंय. मध्यंतरी दिवसातून सहा-सहा वेळा लावलेला पंप आता दोनदा लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचंय ते जवळजवळ सगळ्याच डबल पंपांना लागू आहे.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस तो खोक्यातच राहिला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी हौसेने वीस मिनिटं लावला आणि हाती आले चार थेंब, तेही फ्लँजच्या भिंतीला चिकटलेले. मी रडायला लागले. रात्रपाळीच्या नर्सने पंप बाजूला ठेवला, हाताने दाबून चमच्यात चीक काढून दाखवला आणि म्हणाली, "अगं, हे एवढंच असतं." चीक घट्ट असतो आणि थोडाच असतो, त्यामुळे तो हातानेच नीट निघतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि मग दूध भरायला लागतं. बहुतेकींना दुसऱ्या ते पाचव्या दिवसात छाती भरून येते, सिझरनंतर कधी जरा उशीर होतो. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा ओढत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी लागते आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढावं लागतं. त्या बायांसाठी पंप म्हणजे चैन नव्हे.

आता फ्लँजबद्दल, कारण माझे तीन आठवडे यात वाया गेले. खोक्यात २४ आणि २८ मिमीचे फ्लँज होते. मी २४ चा लावला, कारण तो आधीच जोडलेला होता. दुखायचं, स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळसर भागही आत खेचला जायचा, काढल्यावर लाल वळ उठलेलं असायचं. पंप म्हटलं की दुखणारच, असं मी धरून चालले होते. शेवटी स्तनपान सल्लागाराकडे गेले. तिने आधी मोजपट्टी काढली. डावीकडे १७ मिमी, उजवीकडे १८. फ्लँज स्तनाग्राच्या व्यासापेक्षा फार तर दोन-तीन मिमीने मोठा हवा, आणि माझा सहा-सात मिमीने मोठा होता. सिलिकॉनचं इन्सर्ट घालून माप १९ वर आणलं आणि त्याच दिवशी दुखणं थांबलं. दूधही जास्त आलं. ही गोष्ट माहितीपत्रकात होती, अकराव्या पानावर, बारीक अक्षरात.

गंमत म्हणजे सातव्या महिन्यात मी मोजलं असतं तरी माप चुकलंच असतं. बाळंतपणानंतर सूज येते, ती उतरते, पाजून पाजूनही माप बदलतं. म्हणून पंप आधी घ्यायचाच असेल तर घ्या, पण फ्लँजची मापं तेव्हा ठरवू नका.

दुसरा गैरसमज ओढीचा. माझ्या पंपाला दहा पायऱ्या आहेत. पहिल्या महिन्यात मी नववर चालवत होते, जास्त ओढ म्हणजे जास्त दूध असं समजून. पण दूध पान्हा फुटल्यावर येतं, आणि पान्हा फुटतो ऑक्सिटोसिन या हार्मोनने. दुखत असलं, मन धास्तावलेलं असलं की तो अडतो. आता मी चार-पाचवर चालवते आणि दूध तेवढंच येतं. पंपात दोन लयी असतात, आधी हलकी आणि भरभर, मग सावकाश आणि खोल. बाळ तसंच पितं, आधी भराभर चोखतं आणि पान्हा आल्यावर संथ घुटके घेतं. धार थांबली की बंद न करता मी परत भरभरच्या लयीवर जाते, तीन-चार मिनिटांत दुसरा पान्हा येतो. हे कोणी सांगितलं नव्हतं, एकदा चुकून बटण दाबलं गेलं म्हणून कळलं. (जाता जाता: १९२० च्या दशकात असा यांत्रिक पंप बनवणाऱ्यांत एडवर्ड लास्कर हा बुद्धिबळपटू होता, पेशाने इंजिनिअर. पुढे एग्नेल या स्वीडिश इंजिनिअरने किती ओढ सोसवते याचा अभ्यास करून १९५० च्या दशकात पंप सुसह्य केला. पहाटे तीनला माणूस फोनवर काय काय वाचतं!)

आणि आता बाटलीवरचे आकडे. या पंपाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार त्यांच्याबद्दल आहे, आणि ती खरं तर पंपाची चूकही नाही.

अंगावर पाजताना बाळ किती प्यायलं ते दिसत नाही. बाटलीत दिसतं. पाजून झाल्यावर मी "बघू तरी किती उरलंय" म्हणून पंप लावायचे. तीस मिली, कधी वीस. फोनमध्ये टिपून ठेवायचे. घरात कोणी सहज विचारलं, "पुरतंय ना गं दूध?" की मला ती वीसची नोंदच आठवायची. बाळाची दिवसाला सात-आठ दुपटी ओली होत होती, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं होतं. पुरेशा दुधाच्या खुणा याच, आणि त्या समोर होत्या. पण त्यांच्यावर आकडा छापलेला नव्हता. पाजून झाल्यावर वीस-तीस मिली येणं साधी गोष्ट आहे हे सल्लागाराने सांगितलं तेव्हा ऐकलं, पण पटलं नाही. पंपाला जेवढं निघतं तेवढंच दूध असतं असं नाही. बाळाची ओढ पंपाला येत नाही.

तरी मी काढत राहिले. जितकं काढाल तितकं शरीर बनवतं, तसंच झालं. सहाव्या आठवड्यात छातीत दगडासारखी गाठ, लाल पट्टा, ताप ३९ अंश. मास्टायटिस, म्हणजे स्तनाला आलेली सूज. माझी समजूत अशी की गाठ जोरात चोळायची, गरम शेक द्यायचा आणि पंपाने छाती रिकामी करायची. डॉक्टरांनी उलटंच सांगितलं: जोरात चोळू नका, गार पट्ट्या ठेवा, बाळाला नेहमीसारखं पाजत राहा आणि पंपाने जास्तीचं काढणं थांबवा. एबीएम या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ मध्ये असाच सल्ला प्रसिद्ध केलाय. मला अँटिबायोटिकही लागलं. ताप असेल तर वाट बघत बसू नका.

पाचव्या महिन्यात कामावर रुजू झाले आणि पंप खऱ्या अर्थाने कामाला लागला. दिवसात तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं. इथे त्याला पैकीच्या पैकी. एका वेळी दोन्हीकडून साधारण १२० मिली मिळायचं आणि बाळाला माझ्या गैरहजेरीत पुरायचं. एक ते सहा महिन्यांत बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं आणि हा आकडा महिन्यागणिक फारसा वाढत नाही, हे कळल्यावर डबाभर साठा करायची घाई गेली.

पण दोन आठवड्यांत १२० चे ९० झाले, मग ७०. दूध आटलं, असंच मी ठरवलं. कामाचा ताण, झोप नाही, कारणं हवी तेवढी होती. रात्री उठून जास्तीचा पंप लावायला लागले, म्हणजे सहाव्या आठवड्यात जे केलं तेच पुन्हा. एका रात्री नवरा भाग धूत होता. त्याने बदकाच्या चोचीसारखा तो छोटा रबरी व्हॉल्व दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "ही चीर उघडीच राहतेय." नवा व्हॉल्व बसवला, दुसऱ्या दिवशी ११५ मिली. चीर नीट मिटली नाही तर हवा आत येते आणि ओढ कमी होते, मोटर मात्र तसाच आवाज करत राहते. दिवसाला तीन-चारदा पंप लावत असाल तर व्हॉल्व एक-दोन महिन्यांत बदला आणि एक जोडी कायम घरात ठेवा. दूध अचानक कमी झालं तर आधी व्हॉल्व बघा, मग स्वतःकडे.

बाकीचं थोडक्यात. आवाज आहे, बंद खोलीबाहेर ऐकू जातो. बॅटरी सुरुवातीला आठ वेळा पुरायची, आता चार. धुणं हा खरा छळ: दर वापरानंतर दूध लागलेला प्रत्येक भाग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, दिवसातून एकदा उकळा, पूर्ण वाळू द्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. वितळवलेलं परत गोठवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, बाटलीत उष्टं राहिलेलं दोन तासांत संपवायचं. माझं गोठवलेलं दूध वितळल्यावर साबणासारखं लागायचं आणि बाळ तोंड फिरवायचं. ते खराब झालेलं नसतं, दुधातल्या लायपेज या एन्झाइमने स्निग्धांश तुटलेला असतो. गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येतील इतपत तापवून लगेच गार केलं की प्रश्न सुटतो. मला हे कळेपर्यंत अकरा पिशव्या ओतून दिल्या होत्या. त्या दिवशीचं मी काही लिहीत नाही.

एक दोष मात्र सरळ पंपाचा. हा ओपन सिस्टिमचा आहे, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नाही. बाळ सात महिन्यांचं असताना बाटली कलंडली, दूध नळीत गेलं आणि दोन दिवसांनी नळीत काळे ठिपके दिसले. नळ्या बदलल्या, पण मोटरच्या आत काही गेलंय का हे बघायची सोय नाही. आज घ्यायचा झाला तर क्लोज्ड सिस्टिमचाच घेईन, बाकी सगळं दुय्यम.

धाकट्या बहिणीला आता सातवा लागलाय. "ताई, तुझा पंप मला देऊन टाक," म्हणाली. नाही दिला, त्या मोटरमुळे. फक्त मोजपट्टी पाठवली, आणि ती दूध भरून आल्यावर चार दिवसांनी बाहेर काढ, तोवर तिला हात लावू नकोस म्हणून बजावलं.